व्हाइटफिशची पकड : कोणत्या देशात वाढली, कुठे आटली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हाइटफिश म्हणजे नेमके कोणते मासे?

समुद्राच्या तळाशी किंवा तळापासून थोडे वर राहणारे, पांढऱ्या आणि कमी तेलकट मांसाचे मासे. यांची चरबी मांसात फारशी नसते, ती यकृतात साठते. म्हणूनच कॉड लिव्हर ऑइल निघते ते यकृतातून. व्यापारात या नावाखाली मुख्यतः कॉड, हॅडॉक, सेथ, अलास्का पोलॉक, हेक आणि न्यूझीलंडकडचा होकी येतो. उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या सरोवरांत याच नावाचा एक मासा मिळतो, पण तो वेगळ्या कुळातला. इथे त्याचा विचार केलेला नाही.

जगाची एकूण पकड वाढते आहे की घटते आहे?

१९८०च्या दशकात ती शिखरावर होती. नंतर वीसेक वर्षे उतरत गेली आणि त्यापुढे एका पट्ट्यात वरखाली होत राहिली आहे. पण एवढ्या उत्तरावर थांबलात तर हाती काहीच लागत नाही. गेल्या काही वर्षांचा एकूण आलेख बऱ्यापैकी सपाट दिसतो, आणि त्या सपाट रेषेखाली एका देशाची जागा दुसरा देश, एका माशाची जागा दुसरा मासा घेत आलेला आहे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा कॉड गेला तेव्हा बाजारात पोलॉक, हेक आणि होकी शिरले. नामिबियाच्या किनाऱ्यावरून स्पेनचे ट्रॉलर हटले तेव्हा स्पेनची पकड कमी दिसू लागली, पण हेक खाणारे काही कमी झाले नाहीत.

दुसरी गोम ब्लू व्हायटिंगची. ईशान्य अटलांटिकमधला हा लहानसर मासा कॉडच्याच नात्यातला, त्यामुळे आकडेवारीत त्याच गटात मोजला जातो. पण तो बहुतांशी फिशमीलच्या, म्हणजे मासळीची पूड करणाऱ्या कारखान्यात जातो. २००४मध्ये त्याची पकड २४ लाख टनांच्या घरात होती, २०११मध्ये ती जेमतेम १ लाख टनांवर आली आणि २०१८पर्यंत पुन्हा १७ लाखांवर गेली. एवढ्या उड्या मारणारा मासा बेरजेत धरला तर पूर्ण गटाचा कल त्याच्या तालावर नाचतो. म्हणून कोणी ‘व्हाइटफिशची पकड वाढली’ म्हटले की माझा पहिला प्रश्न असतो : ब्लू व्हायटिंग धरून की वगळून?

सर्वांत जास्त व्हाइटफिश कोण पकडते?

रशिया आणि अमेरिका, आणि दोघांचाही आधार अलास्का पोलॉक. २०२२मध्ये जगभरात सुमारे ३४ लाख टन पोलॉक पकडला गेला. त्या वर्षी पेरूच्या अँचोव्हीनंतर सर्वाधिक पकडलेली जात हीच. यातला मोठा वाटा रशियाचा, तोही प्रामुख्याने ओखोत्स्कच्या समुद्रातून. अलीकडे रशियाची पोलॉकची एकूण पकड वर्षाला २० लाख टनांच्या आसपास असते. अमेरिकेची पकड पूर्व बेरिंग समुद्रातली. तिथला कोटा २०२१मध्ये १३ लाख ७५ हजार टन होता, २०२२मध्ये ११ लाख १० हजारांवर उतरला, २०२३ आणि २०२४मध्ये १३ लाख राहिला आणि २०२५मध्ये परत १३ लाख ७५ हजार झाला.

बेरिंग समुद्र आणि अल्यूशन बेटांच्या अमेरिकी हद्दीत एक कडक नियम आहे. तळाजवळच्या सगळ्या जाती मिळून वर्षाला २० लाख टनांच्या वर पकड जाऊ द्यायची नाही. साठे कितीही फुगले तरी ही मर्यादा हलत नाही. त्यामुळे पोलॉकचे साल चांगले असले तरी कोटा त्या प्रमाणात वाढतोच असे नाही, आणि साल मध्यम असले तर पकड कोसळतेच असेही नाही. अमेरिकेचा आलेख शांत दिसतो त्याचे बरेच श्रेय मी या एका नियमाला देतो.

मग १९८०च्या दशकात पोलॉक आजच्या दुपटीच्या आसपास कसा मिळत होता?

त्या दशकाच्या मध्यात जागतिक पकड ६५ लाख टनांच्या वर गेली होती. तेव्हा जपान, सोव्हिएत संघ, दक्षिण कोरिया, पोलंड आणि चीनची जहाजे उत्तर पॅसिफिकभर फिरत. अमेरिका आणि सोव्हिएत संघाने २०० सागरी मैलांची हद्द लागू केली, तेव्हा दोन्ही हद्दींच्या मधोमध बेरिंग समुद्राचा एक तुकडा मोकळा उरला. कोणाच्याच मालकीचा नाही. त्याला ‘डोनट होल’ असे नाव पडले. हद्दीबाहेर काढलेले ताफे तिथे गोळा झाले आणि १९८९मध्ये एवढ्याशा पाण्यातून सुमारे १४ लाख टन मासळी उपसली गेली. १९९२पर्यंत तीच पकड १० हजार टनांवर आली. १९९३पासून मासेमारी थांबवण्यावर सगळ्यांचे एकमत झाले, कारण भांडायला मासाच उरला नव्हता. १९९४मध्ये रीतसर करार झाला. तिथली व्यापारी मासेमारी आजतागायत बंद आहे.

म्हणून १९८०च्या दशकाला ‘सामान्य’ पातळी मानून आजची तूट मोजणे फसवे आहे. ते आकडे टिकणारे नव्हतेच.

कॉडचे काय झाले? तो संपला असे ऐकले होते.

संपला नाही, पण त्याचे घर बदलले. अटलांटिक कॉडची जागतिक पकड १९६८मध्ये सुमारे ३९ लाख टन होती. २०२२च्या सुमारास ती साधारण १० लाखांच्या आसपास होती आणि त्यानंतर आणखी उतरली आहे. तीही मुख्यतः नॉर्वे आणि रशियाच्या उत्तरेचा बॅरंट्स समुद्र आणि आइसलँड या दोन ठिकाणांहून येते.

सर्वांत मोठी पडझड कॅनडात झाली. न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरच्या ‘नॉर्दर्न कॉड’ची पकड १९६८मध्ये ८ लाख टनांवर गेली होती, बहुतांशी परदेशी कारखाना-जहाजांच्या जोरावर. १९७७मध्ये कॅनडाने २०० मैलांची हद्द आखली, परदेशी जहाजे गेली, आणि त्यांची जागा कॅनडाच्याच ट्रॉलरांनी घेतली. शास्त्रज्ञांचा साठ्याचा अंदाज फुगलेला होता. विरळ होत चाललेला कॉड ठरावीक ठिकाणी दाटीने जमत असे, त्यामुळे ट्रॉलरांची जाळी शेवटपर्यंत भरलेली येत राहिली. किनाऱ्यालगतच्या छोट्या होड्यांना मासा मिळेनासा झाला होता, पण त्यांचे म्हणणे उशिरा ऐकले गेले. २ जुलै १९९२ रोजी मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी बंदी जाहीर केली. तीस हजारांवर लोकांचा रोजगार गेला.

बंदी दोन वर्षांसाठी म्हणून लावली होती. ती टिकली बत्तीस वर्षे.

जून २०२४मध्ये कॅनडाने बंदी उठवून १८ हजार टनांचा कोटा दिला. इथे जरा सावध राहायला हवे. २०२३मध्ये साठा मोजण्याची पद्धत सुधारली, ‘धोक्याची रेषा’ खाली आली आणि साठा २०१६पासूनच त्या रेषेच्या वर होता असे ठरले. म्हणजे वर्गवारी बदलली ती मुख्यतः मोजपट्टी बदलल्यामुळे, मासे एकाएकी वाढल्यामुळे नव्हे. ही मोजपट्टी आधीपेक्षा चांगली असेलही. पण आलेखात दिसणाऱ्या नव्या चढाला ‘पुनरागमन’ म्हणायची घाई मी करणार नाही.

नॉर्वे आणि रशियाचा कॉडचा कोटा एवढा झपाट्याने का उतरतो आहे?

बॅरंट्स समुद्रातला कॉड हा जगातला सर्वांत मोठा कॉडसाठा, आणि त्याचा कोटा दोन्ही देश १९७०च्या दशकापासून संयुक्त आयोगामार्फत ठरवतात. तिसऱ्या देशांचा वाटा बाजूला काढला की उरलेला निम्मा-निम्मा. २०१३मध्ये हा कोटा १० लाख टन होता. आता पाहा : २०२१मध्ये ८ लाख ८५ हजार, २०२२मध्ये ७ लाख ८ हजार, २०२३मध्ये ५ लाख ६७ हजार, २०२४मध्ये ४ लाख ५३ हजार आणि २०२५मध्ये ३ लाख ४० हजार. हा आकडा तेव्हा १९९१नंतरचा सर्वांत कमी होता. २०२६साठी ठरलेला आकडा २ लाख ८५ हजारांचा आहे.

मुख्य कारण पिलांचे. २००४ आणि २००५ साली जन्मलेल्या पिढ्या फार मोठ्या होत्या. २०१३चा उच्चांक त्यांच्याच जिवावर. नंतरच्या बहुतेक पिढ्या दुबळ्या निघाल्या. कॉड वयात यायला सहा-सात वर्षे लागतात, त्यामुळे पिलांची टंचाई कोट्यात दिसायला बराच काळ जातो. २०२२ ते २०२५ या काळात उतार दरवर्षी साधारण २० ते २५ टक्क्यांचा का, याचेही उत्तर आहे : दोन देशांच्या नियमात कोटा एका वर्षात किती बदलू द्यायचा यावर मर्यादा आहे. साठा कोसळत असला तरी आकडा पायऱ्यापायऱ्यांनीच उतरतो. बाजाराला सावरायला वेळ मिळतो खरा, पण तेवढ्या वर्षांत जरुरीपेक्षा जास्त मासा उपसला जातो.

हे पूर्वीही घडले आहे. १९५०च्या दशकात इथून १३ लाख टनांपर्यंत कॉड निघाला होता आणि १९९०मध्ये पकड २ लाख टनांवर आली होती. त्याआधी कॅपेलिन हा कॉडचा खाऊ नाहीसा झाला होता आणि उपाशी कॉड एकमेकांनाच खात होते. त्या तळातून साठा वर आला, त्यामुळे आत्ताचा उतार म्हणजे अखेर असे समजण्याचे कारण नाही. फरक इतकाच की २०२२मध्ये रशियाला आंतरराष्ट्रीय समुद्र संशोधन परिषदेच्या कामातून बाजूला केल्यापासून सल्ला दोन्ही देशांचे शास्त्रज्ञ आपापसात मिळून देतात, आणि युद्धाच्या सावटातही हा आयोग अजून चालू आहे.

आइसलँडने वेगळे काय केले?

आधी हद्द मिळवली, मग स्वतःला आवर घातला. १९५८ ते १९७६ या काळात ब्रिटनशी झालेल्या तीन ‘कॉड युद्धां’त आइसलँडने हद्द १२, मग ५० आणि शेवटी २०० मैलांवर नेली. या युद्धांतले खास शस्त्र तोफ नव्हतीच. आइसलँडच्या गस्ती नौका पाण्याखालून एक धारदार आकडा ओढत ब्रिटिश ट्रॉलरच्या मागून आडव्या जात आणि जाळ्याचे पोलादी दोर कापून टाकत. जाळे मासळीसकट तळाला. ब्रिटनच्या हल आणि ग्रिम्सबी बंदरांतला दूरच्या पाण्यात जाणारा ताफा यानंतर उभाच राहिला नाही, आणि ब्रिटनच्या आलेखातली १९७०च्या दशकातली घसरण त्यातूनच आली.

हद्द मिळाली तरी कॉड घटतच होता. १९८४मध्ये जहाजनिहाय कोटे आले, १९९०च्या कायद्याने ते विकता-विकत घेता येऊ लागले. २००७मध्ये सरकारने एका फटक्यात कॉडचा कोटा १ लाख ९३ हजारांवरून १ लाख ३० हजार टनांवर आणला. त्यानंतरचा नियम साधा : चार वर्षे आणि त्याहून मोठ्या वयाच्या कॉडचे जेवढे वजन समुद्रात आहे त्याच्या २० टक्के काढायचे. २०१९-२०मध्ये कोटा २ लाख ७२ हजारांवर पोहोचला आणि आता २ लाखांच्या थोडा वर आहे. कोट्यांच्या खरेदी-विक्रीने लहान गावांचे मासेमारीचे हक्क मोठ्या कंपन्यांकडे गेले, हा तिथला जुना आणि रास्त वाद आहे. मासा वाचला म्हणून सगळे खूश आहेत असे चित्र रंगवू नये.

उत्तर समुद्र आणि बाल्टिकमध्ये काय परिस्थिती आहे?

बरी नाही. उत्तर समुद्रातल्या कॉडने १९७०च्या दशकात सुगी पाहिली, नंतर उतरती कळा. २०१७मध्ये त्याला टिकाऊ मासेमारीचे प्रमाणपत्र मिळाले, २०१९मध्ये ते स्थगित झाले. त्याच पाण्यात हॅडॉक मात्र अलीकडे चांगला आहे आणि त्याचे कोटे वाढले. दोन्ही मासे एकाच जाळ्यात येतात, म्हणून हॅडॉक पकडताना कॉड टाळायचा कसा ही तिथल्या मच्छीमारांची रोजची डोकेदुखी.

पूर्व बाल्टिकमधला कॉड १९८०च्या दशकात ४ लाख टनांच्या जवळ पोहोचला होता. २०१९पासून त्याची थेट मासेमारी बंद आहे. तळाशी प्राणवायू नाही, सीलमार्फत येणारे कृमी यकृतात, आणि मासे हडकुळे, लहान. बंदी घातली म्हणजे साठा भरून येईलच, हे गृहीत तिथे अजून तरी खरे ठरलेले नाही.

दक्षिण गोलार्धात कल कसा आहे?

तिकडे राज्य हेकचे. १९७२मध्ये आग्नेय अटलांटिकमध्ये, म्हणजे दक्षिण आफ्रिका आणि आजच्या नामिबियासमोर, १० लाख टनांच्या वर हेक पकडला गेला, त्यात परदेशी ताफ्यांचा वाटा मोठा. १९९०मध्ये स्वतंत्र होताच नामिबियाने २०० मैलांची हद्द जाहीर केली आणि परवान्याशिवाय आलेले स्पेनचे ट्रॉलर धरले. आता तिथला हेक तिथल्याच कारखान्यांत कापला जातो आणि कोटा दीड लाख टनांच्या आसपास असतो. दक्षिण आफ्रिकेच्या हेकला २००४मध्ये टिकाऊपणाचे प्रमाणपत्र मिळाले.

अर्जेंटिनात पकड १९९७मध्ये ६ लाख टनांच्या जवळ गेली आणि दोनच वर्षांत आणीबाणीचा कायदा करावा लागला. पिले वाढतात तो समुद्राचा मोठा पट्टा ट्रॉलरांना बंद केला गेला. आज पकड तीन लाखांच्या जवळपास आहे.

न्यूझीलंडच्या होकीचा कोटा २००१पर्यंत अडीच लाख टन होता, २००७मध्ये तो ९० हजारांवर आणला, मग वाढवत १ लाख ६० हजारांपर्यंत नेला आणि पुन्हा खाली घेतला.

समुद्र तापल्यामुळे पकड घटते आहे का?

काही ठिकाणी संबंध अगदी स्पष्ट आहे. २०१४ ते २०१६ या काळात अलास्काच्या आखातात पाणी असाधारण तापले. गरम पाण्यात माशाला भूक जास्त लागते आणि खाद्य कमी होते. पॅसिफिक कॉड उपाशी मेला. २०१८चा कोटा आदल्या वर्षापेक्षा सुमारे ८० टक्के कमी केला गेला आणि २०२०मध्ये अमेरिकेच्या संघीय पाण्यातली थेट मासेमारी बंद ठेवावी लागली. जादा मासेमारीचा दोष इथे देता येत नाही.

उलट बॅरंट्स समुद्रात २०१०च्या आधीच्या ऊबदार वर्षांनी कॉडला चरायला उत्तरेकडे नवे पाणी मिळवून दिले. तापमान वाढले की पकड घटते, असे एकच सूत्र सगळीकडे लावता येत नाही.

चीन इतकी व्हाइटफिश निर्यात करतो, मग पकडीच्या यादीत खाली कसा?

कारण पकड आणि निर्यात या दोन वेगळ्या वह्या आहेत. रशियन जहाजावर डोके आणि पोट काढून गोठवलेला पोलॉक किंवा कॉड चीनच्या दालियान, चिंगदाओसारख्या शहरांत जातो, तिथे वितळवून त्याचे फिले, म्हणजे मांसाचे लांब काप करतात, पुन्हा गोठवतात आणि जगभर पाठवतात. खोक्यावर चीनचे नाव, मासा रशियाचा. अमेरिकेने मार्च २०२२मध्ये रशियन मासळीची आयात बंद केली तरी या वळणाने ती येत राहिली, म्हणून डिसेंबर २०२३मध्ये तिसऱ्या देशात प्रक्रिया केलेली रशियन मासळीही बंदीखाली घेतली.

दोन देशांचे आकडे जुळत नाहीत. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. एफएओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, पकड जिवंत माशाच्या वजनात मांडते आणि ती जहाजाच्या ध्वजाच्या देशाच्या नावावर टाकते, मासा कुठल्या का बंदरात उतरेना. बंदरातला काटा मात्र उतरलेल्या मालाचे वजन दाखवतो.

एक उदाहरण. नॉर्वेच्या बंदरात डोके-पोट काढलेला २० टन कॉड उतरला. अशा मालावरून जिवंत माशाचे वजन काढायचा तिथला गुणक १.५, म्हणून कोट्यातून ३० टन वजा होतात. आता याच मालाचे बिनकाट्याचे फिले केले तर वजन साधारण १० टनांच्या आसपास भरेल. पकड ३० टन, बंदरातली आवक २०, निर्यात १०. तिन्ही आकडे खरे, आणि तिन्ही ‘नॉर्वेचा कॉड’ याच मथळ्याखाली छापून येतात. तुलना करण्याआधी तक्त्याच्या तळटीपेतले वजन कोणते ते वाचा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

समुद्रात फेकून दिलेला मासा यात कुठेच येत नाही. नॉर्वेने कॉड आणि हॅडॉक फेकण्यावर १९८७मध्ये बंदी घातली, युरोपीय संघाने २०१५ ते २०१९ दरम्यान टप्प्याटप्प्याने.

पकड घटली म्हणजे साठा घटला, असे धरायचे का?

नाही. कोटा कमी केला, डिझेल महागले, जहाजे दुसऱ्या माशाकडे वळली, तरी पकड घटते. न्यूफाउंडलंडमध्ये तर कॉड गेल्यावर खेकडा आणि कोळंबी यांचाच धंदा मोठा झाला. साठ्याचा अंदाज वेगळ्या रीतीने करतात : संशोधन जहाज दरवर्षी ठरलेल्या जागी ठरलेले जाळे ओढते, मासे मोजते आणि त्यांच्या कानातला छोटा खडा काढून घेते. हा ओटोलिथ कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वर्षावर्षाची वलये दिसतात. त्यावरून कोणत्या सालची पिढी किती उरली आहे ते कळते, आणि चार-पाच वर्षांनी जाळ्यात काय येणार तेही बऱ्यापैकी.

पुढच्या वर्षाची पकड आधी कशी कळेल?

कोट्यांच्या वेळापत्रकावर नजर ठेवा. बॅरंट्स समुद्राचा शास्त्रीय सल्ला साधारण जूनमध्ये येतो आणि नॉर्वे-रशिया आयोग शरद ऋतूत आकडा ठरवतो. २०२५च्या उतरणीची वर्दी २०२४च्या जूनमध्येच मिळाली होती. आइसलँडची संशोधन संस्थाही जूनमध्ये बोलते, कारण तिथले मासेमारीचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते. न्यूझीलंडचे वर्ष १ ऑक्टोबरला उघडते. अलास्काचे कोटे अमेरिकेच्या उत्तर पॅसिफिक मत्स्य परिषदेच्या डिसेंबरच्या बैठकीत ठरतात आणि युरोपीय संघाचे मंत्रीही डिसेंबरातच रात्र-रात्र जागून ते वाटून घेतात. ब्लू व्हायटिंगसाठी मात्र या तारखांचा उपयोग नाही. तिथे किनारी देशांचे वाट्यांवर एकमत नाही, प्रत्येक जण आपला कोटा आपणच जाहीर करतो आणि बेरीज शास्त्रज्ञांच्या सल्ल्याच्या वर जाते.